परवडणारी घरे आणि गोव्याची जमीन

पर्वरी, मडगावचे घोगळ, रुमडामळ-दवर्ली, कोलवाळ या ठिकाणी ‘हाऊसिंग बोर्ड’ हे नाव ऐकून कोणाला सरकारी कार्यालय आठवत नाही. ते वाड्याचे नाव झाले आहे. बसच्या कंडक्टरला ‘हाऊसिंग बोर्ड’ एवढे सांगितले तरी पुरते. मुक्तीनंतरच्या पहिल्या दशकात, १९६८ च्या कायद्याने, गोवा, दमण आणि दीवसाठी गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि शहरांच्या कडेला मिळालेल्या जमिनींवर त्याने वसाहती उभारल्या. माझे बालपण अशाच एका वसाहतीत गेले. वडील सरकारी खात्यात कारकून होते. भाट म्हणजे वडिलोपार्जित बागायत जमीन नव्हती, वाडवडिलांचे घर चार भावांत होते, आणि तरीही पगारातून हप्ते फेडून ते दोन खोल्यांच्या घराचे मालक झाले. त्या घराने आमच्या कुटुंबाला जे स्थैर्य दिले ते त्यांच्या पगाराने कधीच दिले नसते.

आज त्याच खात्यात त्याच हुद्द्यावर काम करणाऱ्या तरुणाला पणजीच्या, म्हापशाच्या किंवा मडगावच्या परिसरात घर घेणे जवळपास अशक्य आहे. तो डिचोली, सत्तरी किंवा सांगेहून रोज येतो-जातो, तीस-पस्तीसाव्या वर्षीही भाड्याच्या खोलीत राहतो, किंवा आईवडिलांच्या घरात एक खोली वाढवून लग्न करतो आणि त्या खोलीच्या परवान्यासाठी पंचायतीच्या पायऱ्या झिजवतो. वडिलांच्या काळात मंडळाने केले ते आज का होत नाही, याचे उत्तर मला तरी बांधकामाच्या खर्चात सापडत नाही. सिमेंट, लोखंड, चिरे आणि मजुरी यांचे दर गोव्यात आणि पलीकडच्या कुडाळ-सावंतवाडीत थोडेफार इकडे-तिकडे असतील, पण घराच्या किमतीत पडणारे अंतर त्यातून निघत नाही. ते अंतर जमिनीचे आहे. म्हणून परवडणाऱ्या घरांचा विचार करताना पहिला प्रश्न जमिनीचा असला पाहिजे: सार्वजनिक संस्थेने ती मिळवावी का, कुठून मिळवावी, आणि मिळाल्यावर ती कोणाच्या नावावर ठेवावी. माझे म्हणणे असे की जमीन मिळवावी, पण ती पुन्हा कधीही विकू नये. आणि न विकण्याची ही अट कायद्यात आधी लिहिल्याशिवाय एक चौरस मीटरही संपादित करू नये.

गोव्यात घरांची संख्या कमी आहे, असे म्हणता येत नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती आणि त्याच गणनेत सुमारे पाचातले एक घर रिकामे आढळले. बंद घरांचे हे प्रमाण देशात फार वरचे होते. ही बंद घरे दोन प्रकारची आहेत. एक, सासष्टी, बार्देश, तिसवाडीतील जुनी घरे, ज्यांचे वारस मुंबई, पोर्तुगाल, आखात आणि कॅनडा असे विखुरलेले आहेत. गोव्याच्या नागरी कायद्याने मुला-मुलींना समान वाटा दिला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तीन पिढ्या इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली न्यायालयीन वाटणी, झाली नाही की एक-चौदाच्या, म्हणजे जमीननोंदीच्या, उताऱ्यावर पणजोबांचे नाव राहते आणि हक्कदार तीस-चाळीस होतात. त्या सर्वांच्या सह्या जमत नाहीत; घर पडते, पण विकले किंवा भाड्याने दिले जात नाही. दुसरा प्रकार दिल्ली-मुंबईच्या कुटुंबांनी वर्षातून दोन आठवडे राहण्यासाठी किंवा पर्यटकांना देण्यासाठी घेतलेल्या सदनिकांचा आणि बंगल्यांचा. या दुसऱ्या मागणीला व्यवहारतः मर्यादाच नाही. आणखी दहा हजार सदनिका बांधल्या तर भाव उतरतील हा सिद्धांत ज्या शहरात खरेदीदार तिथलाच असतो तिथे काही प्रमाणात लागू पडतो. इथे खरेदीदार सगळ्या देशाचा आहे आणि विक्रीला असलेली भूमी एकूण ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्याचा एक छोटा तुकडा आहे. बाजारावर सोडले तर गोव्यात परवडणारे घर तयार होणार नाही.

जमिनीचा भाव कसा तयार होतो हे ज्याने नगरनियोजन खात्याच्या फायली पाहिल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही. काजूची बागायत किंवा मोरड, म्हणजे उंचावरची शेतजमीन, आहे तशी विकली तर एक भाव मिळतो. त्याच सर्व्हे क्रमांकाचा विभाग (झोन) बदलून ती नकाशात वसाहतीच्या रंगात आली आणि रूपांतराची सनद, म्हणजे बिगरशेती परवाना, हातात पडली की भाव अनेक पटींनी चढतो. मधल्या काळात त्या जमिनीवर कोणी एक कुदळही मारलेली नसते. रस्ता सरकारचा, वीज आणि पाणी सरकारचे, विभाग बदलणारी सही सरकारची. वाढलेली किंमत मात्र ज्याने ती जमीन वेळेवर हेरली त्याची. १९७४ च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात २०१८ साली कलम १६ ब आले, २०२३ साली १७(२) आले, २०२४ साली ३९ अ आले. या तिन्ही कलमांनी सगळा प्रादेशिक आराखडा नव्याने न करता एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची वाट उघडली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालील नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द ठरवली. या कलमांवरची चर्चा बहुधा पर्यावरणाच्या अंगाने झाली आणि ती आवश्यकच होती. परंतु त्यांचा घरांच्या प्रश्नाशी असलेला संबंध त्या मानाने दुर्लक्षित राहिला. ज्या राज्यात बागायतीचा भूखंड उद्या वसाहतीचा होऊ शकतो त्या राज्यात आज कोणीही बागायत बागायतीच्या भावाने विकत नाही. म्हणजे भूखंडागणिक विभागबदलाने घरांसाठी जमीन मोकळी होते हा युक्तिवाद उलटा आहे; त्याने सगळ्याच जमिनीचा भाव आशेने फुगतो आणि गृहनिर्माण मंडळ तर सोडाच, शेजारचा शेतकरीही ती घेऊ शकत नाही.

सार्वजनिक संस्थेने जमीन मिळवणे याचा खरा अर्थ इथे आहे. विभाग बदलण्याच्या आधी, जमिनीचा भाव जमिनीइतकाच असताना, संस्था तिथे असली पाहिजे. आणि नियोजनामुळे जी वाढ होईल ती तिथल्या घरांची किंमत कमी करण्यासाठी वापरली गेली पाहिजे. सिंगापूरने १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन केले आणि १९६६ साली भूसंपादनाचा कडक कायदा करून नेमके हेच साधले. आज तिथले सुमारे पाचातले चार रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात, आणि ती घरे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहेत, कायमच्या मालकीची नाहीत. त्या देशाची राज्यपद्धती आपल्याला उचलता येणार नाही, उचलूही नये. परंतु जमीन सरकारकडे राहिली म्हणूनच घर परवडत राहिले, एवढे त्यांच्या अनुभवातून घेता येते.

आता गोव्यातल्या संशयाकडे वळतो, कारण तो समजून न घेता कोणतीही योजना ग्रामसभेच्या दारातून आत जाणार नाही. ‘भूसंपादन’ हा शब्द गोव्यातल्या खेड्यात उच्चारला की माणसे उठून उभी राहतात, आणि त्यांच्याकडे कारणे आहेत. केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन प्रकल्प येणार होता. १९९५ साली तो लोकांनी परतवून लावला आणि त्या लढ्यात एका तरुणाचा जीव गेला. पुढे हेच पठार विशेष आर्थिक क्षेत्राच्या यादीत आले. औद्योगिक विकास महामंडळाकडे जनहिताच्या नावाने आलेल्या जमिनी मोठमोठ्या तुकड्यांनी खासगी कंपन्यांना दिल्या गेल्या. २००७ च्या अखेरीस सरकारला विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द करावी लागली आणि त्या जमिनी परत मिळवण्यात त्यानंतर दशकभर न्यायालयात गेले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनामुळे प्रादेशिक आराखडा २०११ मागे घेतला गेला होता. साळावली धरणासाठी उठलेल्या कुर्डी गावचे लोक वाडे आणि वालकिणी या ठिकाणी जाऊन वसले. आजही मे महिन्यात पाणी उतरले की ते गावच्या देवळापाशी जमतात आणि कोणाचे घर कुठे होते ते नातवंडांना बोट दाखवून सांगतात. जमीन दिलेला माणूस ती विसरत नाही, आणि ती ज्या कारणासाठी घेतली ते कारण पाळले गेले की नाही याचा हिशेबही तो ठेवतो. एका कारणाने घेतलेली जमीन दुसऱ्या कारणासाठी तिसऱ्याच्या घशात गेलेली त्याने पाहिली आहे. हा संशय विकासविरोधी म्हणून उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण सिडकोचे आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे-रायगडच्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभारली. मुंबईतल्या गर्दीला पर्याय आणि सामान्यांना घर हा हेतू चांगला होता आणि अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांना त्यातून घर मिळालेही. पण ज्यांची भातशेती आणि मिठागरे गेली त्यांना मिळालेला मोबदला आणि पुढे त्याच जमिनीचे लिलावात आलेले भाव यांत इतके अंतर होते की जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणच्या शेतकऱ्यांनी लढा दिला आणि गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे धोरण रुजले. मला यात दोन धडे दिसतात. मोबदला एकदाच रोख देऊन मूळ मालकाला बाहेर काढणे हे अन्यायाचे मूळ आहे. त्याला त्या जमिनीच्या पुढच्या उत्पन्नात वाटा हवा. आणि दुसरा धडा आपल्याकडे फारसा बोलला जात नाही: ज्या क्षणी संस्था आपले उत्पन्न भूखंडांच्या लिलावातून काढू लागते, त्या क्षणी जमिनीचा भाव वाढणे हे तिच्या हिताचे होते आणि परवडणारे घर तिच्या ताळेबंदात तोट्याची बाब ठरते. गोव्याच्या मंडळाने कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी व्यापारी भूखंड विकायचे आणि उरलेल्या कोपऱ्यात गरिबांची इमारत बांधायची, ही रचना मुळातच बंद केली पाहिजे.

तर जमीन कुठली? नकाशा समोर ठेवला तर निवड फार कमी उरते. पूर्वेला सह्याद्रीची जंगले आणि अभयारण्ये आहेत. पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरचा किनारा आणि त्याचे नियमन. मांडवी-जुवारीच्या काठांवर खाजने, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनी, आहेत, जिथे बांध आणि मानस (पाण्याची दारे) सांभाळून शेकडो वर्षे खाऱ्या पाण्याला दूर ठेवले गेले. तिथे भराव टाकणे म्हणजे वरच्या गावात पूर आणणे. भातशेती, आणि कूळकायद्याने कुळांच्या मालकीच्या झालेल्या जमिनी, ज्यांच्या बिगरशेती वापरावर १९९१ च्या कायद्याने बंदी घातली आहे, त्याही वगळाव्यात. मग प्रत्येक नियोजकाची नजर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, जाते. वरून सडा उघडा दिसतो, उन्हाळ्यात काळा पडतो, त्यावर कोणाचे घर नसते, कागदावर तो पडीक असतो. पण जांभ्याचा सडा पावसाळाभर पाणी शोषतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना, कुळागरांना (पोफळीच्या बागांना), विहिरींना ते जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पुरवतो. पावसाळ्यात धनगरांची जनावरे तिथे चरतात. हजार घरांची वसाहत सड्यावर बसवून त्याचे सांडपाणी त्याच भेगांमध्ये सोडले तर खालच्या गावाची झर दोन-तीन वर्षांत बिघडते. घरांसाठी जमीन शोधताना ‘पडीक’ हा महसुली शब्द पुरावा मानू नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

त्यामुळे ‘मोठ्या प्रमाणावर’ या शब्दांचा अर्थ गोव्यात वेगळा लावावा लागेल. एका जागी दोन हजार घरे हे गोव्याचे प्रमाण नाही. शंभर जागी वीस-वीस घरे हे आहे. अशी जागा बहुतेक ठिकाणी आधीच सार्वजनिक हातात आहे. वीसहून अधिक औद्योगिक वसाहतींतील दीर्घकाळ न वापरलेले भूखंड आहेत. कारखान्यासाठी घेतले, कारखाना आला नाही, किंवा येऊन बंद झाला. गृहनिर्माण मंडळाच्या स्वतःच्या जुन्या वसाहती आहेत, जिथल्या इमारती आता दुरुस्तीपलीकडे चालल्या आहेत आणि राहणाऱ्यांना त्याच जागी नवे घर देऊन वर चार मजले वाढवता येतात. शहरांच्या मध्यभागी सरकारी खात्यांच्या जुन्या गोदामांची आणि कर्मचारी निवासांची आवारे आहेत. आणि एक वेगळाच साठा अलीकडे समोर आला आहे: बनावट कागदपत्रे करून परागंदा वारसांच्या जमिनी हडपल्याच्या प्रकरणांसाठी २०२२ साली विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमला गेला. त्या जमिनींपैकी ज्यांना खरोखरच कोणी वारस नाही असे न्यायालयात सिद्ध होईल, त्या लिलावात न काढता घरांसाठी राखून ठेवणे हे राज्याच्या हातात आहे. संपादनाची वेळ या सगळ्यानंतर यावी.

यापलीकडे राहते ती कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामूहिक मालकीच्या संस्थेची, जमीन, आणि माझ्या मते गोव्यातल्या घरांच्या प्रश्नाची गुरुकिल्ली तिथेच आहे. पोर्तुगीज येण्याआधीपासून ही संस्था, तेव्हाची ‘गावकरी’, गावची जमीन एकत्र कसत आणि सांभाळत आली. १५२६ च्या फोराल या सनदेत नव्या राज्यकर्त्यांनी तिचे रीतिरिवाज लिहून घेतले, एवढी ती तेव्हाही जुनी होती. आजही सव्वादोनशेच्या आसपास कोमुनिदादी १९६१ च्या संहितेखाली चालतात. त्या संहितेत घरासाठी जमीन देण्याची एक पद्धत आहे, आफोरामेंत. वार्षिक फोर (जमिनीचे भाडे) भरायचा आणि जमिनीचा उपयोग करायचा. कल्पना अशी की गाव जमीनदार राहते, घर राहणाऱ्याचे होते आणि उत्पन्न गावच्या तिजोरीत येते. ज्याला आज जगात सामूहिक भूविश्वस्त म्हणून नव्याने मांडले जाते त्याचे बीज आपल्याकडे होते. प्रत्यक्षात काय झाले हे गोव्यातला प्रत्येक वाचक जाणतो. फोर नगण्य राहिला, भूखंड वशिल्याने वाटले गेले, घर बांधण्यासाठी घेतलेला भूखंड दोन वर्षांत तिसऱ्याला विकला गेला, आणि जिथे कोणी काही मागितलेच नाही तिथे अतिक्रमण झाले.

त्या अतिक्रमणाचा विषय टाळून पुढे जाता येत नाही. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रस्त्यांकडेच्या आणि सार्वजनिक जागांवरील बेकायदा बांधकामांवर कारवाईचे आदेश दिले, तेव्हा हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन हलली. त्याच वर्षी विधानसभेने कायदे बदलून २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची सरकारी आणि कोमुनिदाद जमिनीवरील घरे काही अटींवर नियमित करण्याची तरतूद केली आणि ‘माझे घर’ योजना आली. चाळीस वर्षे ज्या घरात माणूस राहतो, ज्याची घरपट्टी पंचायतीने घेतली, ज्याला वीज सरकारने दिली, ते घर पाडून त्याला रस्त्यावर आणणे मला मान्य नाही. १९७५ च्या मुंडकार कायद्यामागची न्यायबुद्धी हीच होती. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराचे छप्पर भाटकाराच्या मर्जीवर असू नये, असे त्या कायद्याने ठरवले, आणि बहुजन समाजाला त्याने जे बळ दिले ते गोव्याच्या सामाजिक इतिहासात मोठे आहे. तरीही एक गोष्ट बोलली पाहिजे. नियमितीकरण हे धोरण झाले की ज्याने जमीन बळकावली नाही त्याला काहीच मिळत नाही. माझ्या वडिलांसारखा माणूस, जो अर्ज करून, रांगेत उभा राहून, हप्ते फेडून घर घेऊ इच्छितो, त्याच्यासाठी आज राज्याकडे मोठी योजना नाही. जो आधी भिंत उभी करतो आणि नंतर कागद मागतो त्याच्यासाठी आहे. सरळ वाट बंद ठेवली तर आडवाटेने जाणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार सरकार गमावते, आणि पुढच्या मुदतीची वाट पाहणारी नवी अतिक्रमणे त्यातून जन्माला येतात. नियमितीकरणाचा दरवाजा शेवटचा बंद करायचा असेल तर त्याच दिवशी घरांच्या जमिनीचा दुसरा दरवाजा उघडावा लागेल.

त्यासाठी मी सुचवतो ती व्यवस्था अशी. मंडळाने कोमुनिदादीची जमीन संपादित न करता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यावी, फक्त वस्तीला लागून असलेले तुकडे, आणि ग्रामसभा व कोमुनिदाद या दोघांच्या संमतीने. मालकी कोमुनिदादीकडेच राहावी. भाडे आजच्या फोरासारखे नाममात्र न ठेवता दर काही वर्षांनी वाढणारे असावे, म्हणजे गावकारांना, कोमुनिदादीच्या सदस्यांना, मिळणारा झोण (वार्षिक लाभांश) हा आज जो केवळ मानाचा उरला आहे तो खरे उत्पन्न होईल आणि देवळाच्या, तळ्याच्या, बांधाच्या दुरुस्तीला पैसा येईल. त्या जमिनीवरच्या घरांपैकी ठरावीक वाटा त्याच गावातल्या बेघर कुटुंबांना प्रथम मिळावा, मग ती गावकारांची असोत वा मुंडकारांची. कोमुनिदादीची एकरकमी मोबदला घेण्याची तयारी नसते, आणि ती नसावी हेच बरोबर आहे. पण आपली जमीन आपलीच राहून तिच्यावर आपल्या गावातली मुले राहणार असतील तर वेगळा संवाद होऊ शकतो. काही कोमुनिदादी नकारच देतील. त्यांच्या नकाराला किंमत दिली तरच इतरांच्या होकाराला अर्थ आहे.

याच्याच जोडीला मालकीचे स्वरूप बदलावे लागेल. मंडळाच्या पहिल्या पिढीच्या वसाहतींनी जे दिले त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, पण त्यात एक चूक होती आणि ती मी आमच्याच गल्लीत पाहिली. हप्ते संपले, घरे पूर्ण मालकीची झाली, मुले परदेशी गेली आणि घरे खुल्या बाजारात गेली. सार्वजनिक जमिनीवर सार्वजनिक पैशाने उभी राहिलेली वसाहत एका पिढीतच इतर वसाहतींसारखी महाग झाली, आणि पुढच्या पिढीच्या कारकुनासाठी मंडळाला पुन्हा शून्यातून, आता दसपट भावाने, जमीन शोधावी लागली. त्या कुटुंबांनी काही गैर केले नाही; नियमच तसा होता. नवा नियम असा हवा की घर विकायचे तर ते मंडळालाच विकावे, भरलेली रक्कम आणि महागाईप्रमाणे होणारी वाढ घेऊन; वारसाला राहायचे असेल तर तो राहू शकेल. अशा घरावर बँका कर्ज देणार नाहीत ही अडचण सांगितली जाते. परत खरेदीची हमी स्वतः मंडळाने दिली तर बँकेचे तारण उलट अधिक सुरक्षित होते, कारण बुडीत कर्जाच्या घराचा खरेदीदार आधीच ठरलेला असतो.

घरे कोणाला, हा गोव्यातला सर्वांत टोकदार प्रश्न. ‘आमच्या जमिनी घेऊन बाहेरच्यांची वस्ती करणार’ ही भीती मी गावोगाव ऐकली आहे आणि ती केवळ द्वेषातून येत नाही. लहान राज्याला आपले रूप हरवण्याची जी धास्ती असते ती तिच्यात आहे. मालकीसारख्या दीर्घ हक्काच्या घरांसाठी सरकारी नोकरीला लागतो तसा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागणे मला योग्य वाटते. मुदत याहून जास्त ठेवायची असेल तर त्यावरही चर्चा व्हावी. परंतु वेर्णा, कुंडई, पिसुर्ले इथल्या कारखान्यांत, बांधकामांवर आणि हॉटेलांत काम करणारे लोक आज इथे राहतातच. ते एका खोलीत सहा-सात जण राहतात आणि त्यांच्या खोल्यांचे भाडे बहुधा आपणच घेतो. त्यांच्यासाठी औद्योगिक वसाहतींच्या पडून असलेल्या जमिनीवर मंडळाने भाड्याची निवासस्थाने बांधावी, ज्यांचा काही भार त्यांना कामाला ठेवणाऱ्या उद्योगांनी उचलावा. उद्योगाला स्वस्त जमीन देताना कामगार कुठे राहील हे आपण कधी विचारले नाही, आणि त्याचे उत्तर टेकड्यांच्या उतारावर आणि गावांच्या कडेला आपोआप उभे राहिले. भाड्याच्या चांगल्या घरांनी गावांवरचा ताण कमी होईल.

संपादन पूर्णपणे टाळता येईल असा माझा दावा नाही. एखाद्या शहरालगत सरकारी तुकड्यांना जोडणारी खासगी जमीन घ्यावी लागेल, आणि त्यासाठी २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. त्यात सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आहे, बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम आहे, ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंत गुणक आहे, आणि विशिष्ट उत्पन्नगटांची घरे हे सार्वजनिक प्रयोजन म्हणून नोंदलेले आहे. पण सरकार स्वतःसाठी जमीन घेते तेव्हा मालकांच्या संमतीची अट त्यात नाही. गोव्याने आपल्या पुरती ती घालून घ्यावी. कलम १०१ प्रमाणे ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारच्या भूमी अधिकोषाला परत जाते. या ‘किंवा’मध्ये गोव्याच्या सगळ्या जुन्या जखमा सामावल्या आहेत. अधिकोषात गेलेली जमीन पुढे कोणाला दिली जाईल हे मालकाला ठाऊक नसते. गृहनिर्माण मंडळाच्या कायद्यात स्पष्ट लिहावे की घरांसाठी घेतलेली जमीन घरांसाठी वापरली नाही तर ती मूळ कुटुंबालाच परत जाईल, आणि तिचे प्रयोजन बदलण्याचा अधिकार मंत्रिमंडळालाही नसेल. मूळ मालकाला रोख मोबदल्याबरोबर त्याच जागी विकसित जमिनीचा वाटाही मिळावा. सिडकोला हे शिकायला पाच जीव द्यावे लागले.

यांतले बरेचसे विधानसभेच्या इच्छेवर अवलंबून आहे आणि त्याला वेळ लागेल. मात्र एक काम मंडळाला आजही करता येते, त्यासाठी ना कायदा बदलावा लागतो ना नवा निधी. आपल्याकडे असलेल्या प्रत्येक जमिनीचा सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, ती कधी आणि कोणत्या प्रयोजनासाठी मिळाली, त्यातली किती वापरली, किती विकली आणि कोणाला, याची तालुकावार यादी मराठी, कोकणी आणि इंग्रजीत प्रसिद्ध करावी आणि प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लावावी. औद्योगिक विकास महामंडळानेही तसेच करावे. नवी जमीन मागायला मंडळाचा अधिकारी ज्या दिवशी एखाद्या ग्रामसभेत उभा राहील, त्या दिवशी पहिला प्रश्न या यादीबद्दलच विचारला जाईल, आणि ती त्याच्या हातात असली पाहिजे.